लांबनखी की साधी

लाल पक्षी दिसला तर तो लाल असतो, निळा दिसला तर निळा. बाकीचे पक्षी रंगवून झाल्यावर ब्रश धुतलेलं गढूळ पाणी ज्यांच्या अंगावर पडलं, त्यांची नोंद ठेवायचं काम मात्र तिच्या वाट्याला आलं होतं. एम.एस्सी. झालेली, एकोणतिसाव्या वर्षी, घरी दीड वर्षाची मुलगी ठेवून ती रोज पहाटे माळावर उभी राहायची आणि समोरचा तपकिरी पक्षी गवतात शिरायच्या आत तो नक्की कुठला तपकिरी आहे हे ठरवायची. म्हणजे ठरवायचा प्रयत्न करायची. तोवर पक्षी गवतात शिरलेला असायचा.

नोकरी सरकारी होती, पण कच्ची. माळावरचे पक्षी मोजणाऱ्या या छोट्या कार्यालयाची पद्धत अशी, की मोजणी एकट्याने करायची नाही. जोडीने करायची. एक किलोमीटरची वाट, दोघांमध्ये दहा पावलांचं अंतर, प्रत्येकाच्या हातात आपापला कागद, आणि वाट संपेपर्यंत तोंडाला कुलूप. पक्षी दिसला की वेळ आणि पूर्ण नाव लिहायचं. पूर्णच, कारण पूर्वी कुणीतरी नुसतं ‘तिर.’ लिहिलं होतं आणि टाइप करणाऱ्याने त्या वर्षी माळावर साठ तित्तिर उठवले होते. वाट संपली की दोघांनी कागद बदलून जुळवायचे. नवीन माणसाच्या बारा वाटा व्हायच्या. त्यातल्या आठ वाटांवर शंभरातल्या नव्वद नोंदी जुन्या माणसाशी जुळल्या तर नोकरी पक्की. नाही जुळल्या तर नोकरी जात नव्हती, फक्त टेबल मिळायचं, मुख्य कार्यालयात, चार तासांच्या अंतरावर. दीड वर्षाच्या मुलीच्या आईला चार तासांवरचं टेबल म्हणजे राजीनामाच, फक्त तो तिने स्वतःच्या अक्षरात लिहायचा.

चंडोल तिला यायचा. चोच जाड, डोक्यावर शेंडी, अंगाने भरलेला. वटवट्या तर झुडपात बसून इतकी बडबड करायचा की आपली ओळख आपणच करून द्यायचा. खरं घोडं अडत होतं ते तिरचिमणीपाशी. तिरचिमण्या दोन. एक साधी, एक लांबनखी. उंची तीच, छातीवरच्या रेघा त्याच, शेपटीच्या कडा दोघींच्या पांढऱ्या, दोघी चार पावलं पळणार, थांबणार आणि शेपूट हलवणार. फरक एवढाच, की लांबनखीच्या मागच्या बोटाचं नख लांब. ते नख असायचं पायाला, पाय असायचा गवतात, आणि गवत असायचं गुडघ्याइतकं. दुसरा फरक आवाजाचा. उडताना साधी मऊ ओरडते, लांबनखी कडक. असं पुस्तकात दिलं होतं. मऊ म्हणजे किती मऊ, हे पुस्तक लिहिणाऱ्याला कुणी विचारलेलं दिसत नव्हतं.

आणि हे सगळं हौसेपोटी नव्हतं. लांबनखी उशिरा अंडी घालते. माळावर तिच्या चाळीस जोड्या निघाल्या, तर गवत कापायची यंत्रं महिनाभर थांबणार होती. कमी निघाल्या, तर पुढच्या महिन्यात यंत्रं येणार होती.

तिच्या जोडीचा जुना माणूस म्हणजे नखेकाका. हे आडनाव नव्हे. एकतीस वर्षं ते येईल त्या नवीन पोराला मागच्या नखाचं महत्त्व पटवून देत आले होते, म्हणून कार्यालयाने त्यांचं हे बारसं केलेलं. निवृत्तीला चार महिने राहिले होते. उन्हाने कातडं सुकलेलं, डोक्यावर रंग उडालेली टोपी, आणि पेन्सिलीला सुरीने केलेलं लांबलचक टोक.

“नख बघायचं,” पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं.

“काका, गवत केवढं आहे.”

“म्हणून तर बघायचं. गवत नसतं तर कुणीही बघेल.”

तिने नख बघायला सुरुवात केली. पहिल्या तीन वाटांवर जुळणी आली अडुसष्ट, सहासष्ट आणि एकाहत्तर. तपासनीस मॅडमनी कागद पाहिले आणि चष्मा कपाळावर चढवला. कार्यालय त्यांच्या हाताखाली होतं आणि गोड बोलण्यात वेळ घालवायची त्यांना सवय नव्हती.

“दोघांपैकी एकाला काही कळत नाही,” त्या म्हणाल्या. “आणि काका इथे एकतीस वर्षं आहेत. बघा आता.”

घरी वेगळा तमाशा. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. तो जेवताना म्हणाला, “दुकानात ये एकदा. नंबर बघू या तुझा.”

“नंबर ठीक आहे माझा.”

“सगळे असंच म्हणतात.”

सासूबाई दीड वर्षाच्या ठकीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दिवसभर ठकी त्यांच्याकडेच असायची आणि त्याबद्दल त्या कधी तक्रार करायच्या नाहीत, फक्त बोलायच्या. “तिकडे पक्ष्यांची नखं बघत फिरायचं,” त्या म्हणाल्या, “आणि इथे पोरीची कापायची राहिलीत. माझ्या गालावर बघ ओरखडा.”

ओरखडा खरंच होता. तिने जेवण अर्धं टाकून नेलकटर शोधला.

चौथ्या वाटेवर मात्र तिला काहीतरी सापडलं. काकांची लिहिण्याची जुन्या शाळेतली तऱ्हा होती. आधी सगळी अक्षरं बिनरेघेची लिहायची आणि मग वरून शिरोरेषा ओढायची, एका दमात, जोर देऊन. पहाटेच्या शांततेत दहा पावलांवरून ती रेघ ऐकू यायची. एकदा सर्र झालं तर एक शब्द, म्हणजे नुसती तिरचिमणी, साधी. दोनदा सर्र झालं तर दोन शब्द, लांबनखी तिरचिमणी. तिने मुद्दाम कान लावला नव्हता. पण एकदा कानावर पडल्यावर तो कान काढून कुठे ठेवणार. पक्षी उडाला की ती पेन्सिल कागदावर टेकवून थांबायची. सर्र झालं की लिहायची. कधी काका लवकर लिहायचे नाहीत, तेव्हा ती आपल्या अंदाजाने लिहून मोकळी व्हायची, आणि नवल म्हणजे तेही जुळायचं. त्याचं तिला बरंच वाटलं. डोळा बसतोय आपला, असं तिने स्वतःला सांगितलं.

चौथी वाट ब्याण्णव. पाचवी पंच्याण्णव. चौथी ते आठवीची सरासरी चौऱ्याण्णव. मॅडम म्हणाल्या, “आलं की.” त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे हारतुरेच. अजून तीन वाटा नव्वदच्या वर गेल्या की झालं. नवव्या जुळणीसाठी घरातून निघताना ती जिन्यात चक्क गुणगुणत होती.

त्या दिवशी वाटेवर असताना खिशातला फोन थरथरला. वाटेवर फोन बघायचा नाही असा नियम होता, पण पहाटे ठकीचं अंग तिला किंचित कोमट लागलं होतं, आणि ज्याने नियम केला त्याला दीड वर्षाची मुलगी नसणार. तिने फोन बघितला. सासूबाईंचा निरोप होता, ताप शंभर, काय देऊ. तिने खाली मान घालून उत्तर टाकलं, आणि मग आपण किती सांगितलं आणि कधी, हे नंतर आठवेना म्हणून कागदाच्या कडेला लिहूनही ठेवलं. ‘औषध अर्धा चमचा ७.४२.’ पुढचा डोस बारानंतर, असं तिने मनात धरलं. मग डोळे पुसून, म्हणजे डोळ्यांत काही नव्हतंच, ती पुढे चालू लागली.

वाट संपली तिथे एक फाटक होतं आणि फाटकाशी लाकडी बाक. दोघं टेकले, कागद बदलले. आधी तिने घरी फोन केला.

“नव्व्याण्णववर आलाय,” सासूबाई म्हणाल्या. “झोपलीये. तू सावकाश ये. धावत येऊन तिला उठवू नकोस.”

मग तिने काकांचा कागद समोर धरला आणि एकेक नोंद खुणेने जुळवत आली. सात पस्तीस, चंडोल, बरोबर. सात एकोणचाळीस, तिरचिमणी, बरोबर. सात बेचाळीस, लांबनखी तिरचिमणी, एक.

तिच्याकडे सात बेचाळीसला औषध होतं.

“काका, ही सात बेचाळीसची कुठे होती?”

काकांनी मान वर केली नाही. “उजवीकडे. उडाली.”

“मला नाही दिसली.”

“तू खाली बघत होतीस.”

हे खरं होतं. ती सोडून द्यायला निघाली होती. पण आई झालेल्या बाईला एक खोड लागते. गोष्ट जागेवर नसली की ती कुठे गेली हे कळेपर्यंत तिला चैन पडत नाही. त्या वेळी वारा नव्हता. लांबनखी उजवीकडून उडाली असती तर निदान तिच्या कानावर आलं असतं. काकांच्या टोकदार पेन्सिलीकडे बघता बघता तिने आपल्या कागदाच्या कडेवर बोट ठेवलं.

“काका, मी तेव्हा पक्षी लिहीत नव्हते. मुलीचं औषध लिहीत होते.”

“दोन शब्द होते,” काका म्हणाले.

“तीन होते.”

“मला हात दोनदाच हलताना दिसला.”

फाटकापलीकडे यंत्रवाल्यांनी आधीच आणून ठेवलेले डिझेलचे पिंप ओळीने उभे होते. ती त्यांच्याकडे बघत बसली, कारण काकांकडे बघवेना.

“म्हणजे तुम्ही माझं बघून लिहिता?”

“सगळं नाही. चंडोल माझा मी लिहितो,” काका दुखावल्यासारखे म्हणाले. “वटवट्या माझा मी. फक्त या तिरचिमण्या. दोन वर्षं झाली, बारीक आवाज कानात शिरतच नाहीत. बोललेलं ऐकू येतं, मोटार ऐकू येते. पक्षी नाही. आधीचा जोडीदार जुना होता, त्याचा हात बघून चालून जायचं. मग तू आलीस. पहिल्या तीन वाटा तू हात आडवा धरायचीस, काही दिसायचं नाही.”

“म्हणून एकाहत्तर.”

“म्हणून एकाहत्तर.”

आता सांगावंच लागणार होतं. तिने सांगितलं. शिरोरेषा, एक सर्र, दोन सर्र, सगळं. काकांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

“थांब. मी तुझं बघून लिहितोय.”

“हो.”

“आणि तू माझं ऐकून.”

“हो.”

“मग पक्षी कोण बघत होतं?”

याचं उत्तर दोघांनाही माहीत होतं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय म्हणतात, इथे तर दोन आंधळी समोरासमोर बसून एकमेकांना पीठ किती पडलं ते विचारत होती. चौऱ्याण्णव टक्के. तिला हसू यायला हवं होतं, पण आला तो संताप, आणि तोही नेमका कुणाचा हे ठरेना. काकांचा म्हणावा तर आपणही त्यातलेच. गेले दोन महिने ती काळोखात उठत होती, झोपेत चिकटलेल्या ठकीचा हात गळ्यातून सोडवून घेत होती, आणि हे सगळं एका म्हाताऱ्याचं अक्षर ऐकायला.

“हे बघ पोरी,” काका हळूच म्हणाले. “झाकली मूठ सव्वा लाखाची. अजून दोन वाटा. तू पक्की होशील, मी घरी जाईन. कुणाचं काही बिघडत नाही.”

तिलाही हेच सुचलं होतं, काकांच्या आधी. तिने मांडीवरच्या कागदांची चळत उलटी केली आणि लांबनखीच्या जोड्या मोजल्या. सव्वीस.

“खऱ्या किती असतील?”

“बारा असतील. पन्नासही असतील.”

“आणि पुढच्या महिन्यात हे पिंप उघडणार.”

काकांनी हात जोडल्यासारखे गुडघ्यांमध्ये धरले. तेवढ्यात फाटकाच्या खांबाशेजारून एक तिरचिमणी उडाली आणि ओरडून गेली. काकांनी मानही वळवली नाही. तिला ते बघून कसंतरी झालं. आणि मग तिने जे केलं ते विचार करून केलं नाही. घरी असली की ठकीसाठी ती चमच्याचा आवाज काढायची, दाराचा काढायची, खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याचा काढायची. तोंडाला सवयच होती. तिने तो आवाज तसाच्या तसा काढला.

“च्रीप.”

काकांची मान गर्रकन वळली. “परत कर.”

“च्रीप.”

“शेवटी खाली उतरतो की तिथेच तुटतो?”

“तुटतो. गंजलेल्या बिजागरीचं दार ओढून मध्येच सोडल्यासारखा.”

“लांबनखी,” काका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की तिने दुसरीकडे बघितलं. “ही लांबनखी. दोन वर्षांनी ऐकतोय. आता दुसरी उडाली की ती कर.”

दुसरी यायला वेळ लागला. ती आली तेव्हा तिचा आवाज घसरत गेला, “प्सिऊ”, जसा हातातून साबण निसटावा. तिने करून दाखवला. “साधी,” काका म्हणाले. मग एकामागून एक. च्रीप, लांबनखी. प्सिऊ, साधी. अर्ध्या तासात तिला ते इतकं लख्ख कळलं की तिला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. पुस्तकातलं मऊ आणि कडक गेलं खड्ड्यात. दोन महिने दुर्बिणीतून गवतातलं नख शोधलं, आणि गोष्ट होती दाराची आणि साबणाची. तीही ज्याला ऐकू येत नाही त्याने शिकवली.

“हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं?”

“पहिल्या दिवशी तू आवाज काढून दाखवलास का?”

“तुम्ही विचारलंत का?”

“विचारलं असतं तर कळलं नसतं का तुला, की मला ऐकू येत नाही?”

“पुढची वाट खरी चालायची,” ती कागद गोळा करत म्हणाली.

दहाव्या वाटेवर ती काकांपासून तीस पावलं लांब चालली, हात आडवा धरून. जुळणी आली अठ्ठावन्न. दोघं कागद घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. आपण आधी बोलायचं हे तिने जिन्यात ठरवलं होतं, पण दारातून काकाच आधी घुसले.

“मॅडम, मला ऐकू येत नाही.”

मॅडमनी कागदावरून नजर उचलली. “आत्ता?”

“दोन वर्षांपासून. बारीक आवाज.”

“आणि मी चौथीपासूनच्या वाटांवर तिरचिमण्या बघून लिहिल्या नाहीत,” ती म्हणाली. “काकांच्या पेन्सिलीचा आवाज ऐकून लिहिल्या. आणि काकांनी माझा हात बघून.”

मॅडमनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, आणि तळव्यांनी दोन्ही डोळे दाबून धरले. “चौऱ्याण्णव टक्के,” त्या तळव्यांआडून म्हणाल्या. “मी वर कळवलंय. आपली जोडी सगळ्यात चांगली म्हणून कळवलंय.”

मग त्यांनी चष्मा परत चढवला आणि त्या तिच्याकडे वळल्या.

“आता तुला येतं का ओळखता?”

“आवाज आला तर येतं.”

“आणि नाही आला तर?”

“नाही येत.”

“हे तुम्ही दोघं आज जोडीने ठरवून आलात का, माझा दिवस वाया घालवायचं? काका, तुम्ही उद्यापासून वाटेवर जायचं नाही. डोळे ठीक आहेत ना? घरटी शोधा. झेंड्या लावा. घरटं ओरडत नाही. आणि तू, पहाटे साडेपाचला, माझ्याबरोबर.”

मॅडमबरोबरची वाट शांतपणे गेली. त्या बॉलपेन वापरायच्या, त्याचा काही आवाज यायचा नाही, आणि आला असता तरी तिने कान तिकडे नेले नसते. जे ओरडलं ते तिने लिहिलं. काही तिरचिमण्या न बोलता उडाल्या, त्यांच्यापुढे तिने ‘ओळख नाही’ असं लिहिलं, दात ओठ खात. परत येऊन मॅडमनी गाडीच्या बॉनेटवर दोन्ही कागद पसरले. बेचाळीस नोंदी. सदतीस जुळल्या.

“अठ्ठ्याऐंशी,” मॅडम म्हणाल्या.

दोन टक्के. तिने मनातल्या मनात खोके बांधायला सुरुवात केली. चार तासांवरचं टेबल. राजीनाम्याचा कागद. नवरा म्हणेल, असू दे. ते असू दे ऐकायची तिला आधीच चीड आली.

मॅडम मात्र न जुळलेल्या पाच ओळींवर बोट ठेवून उभ्या होत्या. “सहा दहा. तू ओळख नाही लिहिलंयस. मी लांबनखी.”

“ती ओरडली नाही, मॅडम.”

“सहा एकवीस. तीच गत. मी साधी लिहिलीये.”

“तीही नाही ओरडली.”

मॅडम माळाकडे बघत राहिल्या. मग सहा दहाच्या त्या उडालेल्या पक्ष्याला जबाबदार धरल्यासारखा एक लांब सुस्कारा सोडून त्यांनी पेन उघडलं आणि आपल्या कागदावरच्या दोन्ही ओळी खोडल्या. आडवी रेघ, आणि बाजूला सही.

“नव्हत्याच ओरडल्या. या दोन धरायच्याच नाहीत,” त्या म्हणाल्या. “आणखी काही सोडत नाही मी. त्या तीन तुझ्याच चुका आहेत. चाळीसातल्या सदतीस. साडेब्याण्णव. आणि हे कुणाला सांगितलंस, तर मुख्य कार्यालयात तुझ्या शेजारचं टेबल माझं असेल.”

“नाही सांगणार.”

“खूश होऊ नकोस. मागच्या दहाही वाटा रद्द. सगळ्या पुन्हा चालायच्या, माझ्याबरोबर, वीस दिवसांत. यंत्रवाल्यांना मी आकडा येईपर्यंत थांबवते, पण तेवढेच दिवस. त्यात आठ जुळल्या तर पक्की. सुट्टी नाही. मुलगी आजारी पडली तर तिला सांग महिनाअखेरपर्यंत थांब.”

ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती. मग गाडीच्या पलीकडे जाऊन तिने घरी फोन लावला. पाठीमागे ठकी कशावर तरी डबा आपटत होती, म्हणजे बरी होती.

“आई, बहुतेक नोकरी राहील,” ती म्हणाली. “पण सगळ्या वाटा पहिल्यापासून करायच्यात. वीस दिवस पहाटे साडेचारला निघावं लागेल.”

डबा आपटल्याचा आवाज चालूच होता.

“म्हणजे वीस दिवस साडेचारला मी उठायचं.”

“हो.”

“मग सरळ तसं सांग ना,” सासूबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.